दोरी सोडणारा हात

एक दोरी डब्यांच्या मुठींमधून जाते.

टीव्हीवर विहिरी जळत आहेत. पडद्यावरून एक काळा पट्टा खालून वर सरकतो. पुन्हा खालून वर.

गुलाब उमलतो. आत कोणी नाही.

सावद्याजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकांमध्ये केळी पिकून पिवळी झाली. केळी हिरवीच जायची असतात.

"साठा पुरेसा आहे," असं मंत्री धुळ्यात म्हणाले. माईक शिट्टी मारत होता, म्हणून ते दोनदा म्हणाले.

मांडवामागे गोणपाटाखाली एक छोटा जनरेटर.

पांढऱ्या कॅनवर पिवळे डाग.

*

जनरेटर सोडला तर हे सगळं एका कॅसेटवर आहे.

कॅसेट पितांबरची. पितांबर धुळ्यात देवपूरला राहतो. त्याने चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, शाळा मिळाली नाही, म्हणून तो लग्नांची व्हिडिओ शूटिंग करतो. कधी सरकारी कार्यक्रमाचंही बोलावणं येतं: कोनशिला, वृक्षारोपण, मंत्री. आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात त्याने स्वतःसाठी एक फिल्म केली. नाव "दोरी".

चित्र: घासलेटच्या दुकानासमोर डब्यांची रांग. माणूस एकही नाही. डबे निळे, पांढरे, गंजलेले. ऊन सरकतं, सावल्या लांबतात, डबे तिथेच.

आवाज: मंत्र्यांचं धुळ्यातलं भाषण. देश खंबीर आहे, जनतेने संयम ठेवावा, साठा पुरेसा आहे. डबे ऐकत आहेत असं वाटतं.

चित्र: जळत्या विहिरी. घरच्या टीव्हीसमोर कॅमेरा धरून घेतलेल्या, म्हणून मध्ये तो काळा पट्टा.

आवाज: सनई.

सुरुवात त्याने मुद्दाम लग्नाच्या कॅसेटसारखी ठेवली होती. आधी गणपती, मग वळणदार अक्षरांत "शुभविवाह", मग गुलाब उमलतो. लग्नाच्या कॅसेटमध्ये त्या गुलाबात नवरा-नवरी असतात आणि खाली नावं येतात. याच्या गुलाबात कोणी नव्हतं, नावांची जागा रिकामी होती. सरकार आणि तेल यांचं लग्न लागलेलं आहे आणि आपण उपाशी राहिलेले वऱ्हाडी आहोत, असं त्याला म्हणायचं होतं. ते त्याने फिल्ममध्ये कुठे लिहिलं नाही.

पहिली प्रेक्षक त्याची आई. तिने शेवटपर्यंत पाहिली.

"बठ्ठा डबाच शेतस," ती म्हणाली. "माणसे कथा गयात?"

"सगळे डबेच, माणसं नाहीत. तेच तर," पितांबर म्हणाला.

आई चहा टाकायला गेली.

*

फिल्मच्या मध्यावर एक हात येतो.

तो पितांबरने ठरवून घेतलेला नव्हता. माघात त्याच्या भाचीचं लग्न होतं, बोदवडला. भाची म्हणजे थोरली बहीण मंदाबाई आणि तिचा नवरा अभिमन यांची मुलगी सुमन. डिझेलअभावी बसचा भरवसा नव्हता, म्हणून तो आधीच जाऊन राहिला. घासलेटचं दुकान घराजवळच होतं आणि डब्यांची रांग त्याला तिथे दिसली.

बोदवडची रांग अशी: आदल्या संध्याकाळी डबा आणून ठेवायचा. सगळे डबे लागले की मुठींमधून दोरी ओवायची, एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं दुकानाच्या खिडकीच्या गजाला बांधायचं आणि आपापल्या घरी, शेतात निघून जायचं. घासलेट येईल तेव्हा सगळ्यांसमोर दोरी सोडायची. तोपर्यंत दोरीला कोणी हात लावत नाही. डबे बायकांचे असोत, म्हाताऱ्यांचे असोत, दोरी असली की राखणाला माणूस लागत नाही.

पितांबरने समोरच्या लिंबाखाली स्टँडवर कॅमेरा लावला आणि चालू केला. तेवढ्यात घरून बोलावणं आलं, हळद लागते आहे, मामाला पाठवा. तो गेला. कॅमेरा चालू राहिला. कॅमेऱ्याला कोणी हात लावला नाही, लग्नघरचा कॅमेरा म्हणून सगळ्यांना माहीत होता. बंदोबस्ताला एक पोलीस होता. माणूस नसलेला कॅमेरा चालत नसतो, असा त्याचा समज असावा.

धुळ्याला परत आल्यावर पितांबरने टेप पाहिली, तेव्हा हात दिसला. चौकटीच्या डाव्या बाजूने खाकी बाही येते. हात सावकाश गजाजवळची गाठ सोडतो. दिसेनासा होतो. परत येतो तेव्हा त्यात पांढरा कॅन असतो. कॅन सगळ्यात पुढे ठेवतो, मुठीतून दोरी ओवतो, गाठ मारतो. गाठ पहिल्यापेक्षा नीट मारतो. चेहरा कुठेच नाही.

पितांबर पलंगावरून उठून उभा राहिला होता.

पुढे मिक्सिंगच्या वेळी त्याने तो तुकडा इतक्या वेळा पाहिला की हात, दोरी, कॅन हे सगळं त्याच्यासाठी रंग आणि आकार झालं. बडोद्याला त्याचा जुना वर्गमित्र हिलाल होता. तो आणि काही जण मिळून जूनमध्ये व्हिडिओवरच्या कलाकामांचं प्रदर्शन भरवणार होते. पितांबरने एसटीडी बूथवरून त्याला फिल्म सांगितली.

"हात राज्यसत्तेचा," पितांबर म्हणाला. "आणि पांढऱ्यावर पिवळे डाग आहेत, काय सुंदर दिसतात माहितीये?"

"त्या हाताला कात्री लावू नको," हिलाल म्हणाला. "तो हात म्हणजेच फिल्म आहे. बाकीचे नुसते डबे."

पितांबरचं काम आजवर लोकांनी जेवताना पाहिलं होतं. भिंतीवर, अंधाऱ्या खोलीत, पाहण्यासाठीच आलेल्या माणसांसमोर ते कधी लागलं नव्हतं.

*

चूक जळगावला झाली.

मिक्सिंग झुलालच्या दुकानात होत असे. झुलाल कॅसेटचं तोंड पाहून चिठ्ठी चिकटवायचा. गणपती, शुभविवाह, गुलाब एवढं दिसलं की पुढचं पाहायची गरज नसे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी अभिमन बाजाराला जळगावला आला आणि जाताना सुमनच्या लग्नाची कॅसेट घेऊन गेला. लग्नाची कॅसेट देवपूरला पितांबरच्या कपाटात होती.

*

आखाजीला सुमन माहेरी आली होती. तिचा नवराही आला होता, नशिराबादचा, अबोल, यंत्रांची आवड असलेला. भाड्याने आणलेला व्हीसीआर त्यानेच जोडला. दुपारी जेवणं झाल्यावर खिडक्यांना घोंगड्या लावल्या. घरचे, शेजारचे, अभिमनचे काका उखर्डू नाना, सगळे दाटीवाटीने बसले. पितांबर दुपारच्या बसने पोचला, त्याला दाराजवळ जागा मिळाली.

गणपती आला. काही जणींनी हात जोडले. गुलाब उमलला.

पितांबरने तो रिकामा गुलाब ओळखला. त्याने उठायला हवं होतं. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि पडद्याकडे न पाहता पाहणाऱ्यांकडे पाहिलं.

"सुमन कुठी आहे?"

"येईल. आधी सीन दाखवतात. दुसरे काश्मीर दाखवतात, यानं डबे दाखवले."

"वऱ्हाड येऊ ऱ्हायलं असेल मागून."

डबे. डबे. मंत्री म्हणाले, साठा पुरेसा आहे.

"कुठी?" उखर्डू नाना म्हणाले.

खोली हसली. पितांबरला बरं वाटलं. मग विहिरी जळू लागल्या.

"विहीर जळू ऱ्हायली व माय! पाणी टाका म्हणा कोणी."

"तेलाची आहे ती, मावशी. अरबस्तानातली."

"मंग आपल्या घासलेटवाल्याला सांगा एक खोदायला."

पुन्हा डबे आले, जवळून. नाना गुडघ्यांवर उठले.

"अरे, हा तर माहा डबा!"

"कशावरून नाना?"

"बूच नाही, बटाटा खोचला आहे ना. दिसत नाही का?"

"नानांचा बटाटा टीव्हीवर आला!"

त्यानंतर कोणी वऱ्हाडाची वाट पाहिली नाही. हा तानुबाईचा, पोचा आलेला. हा गुरुजींचा, ठिगळ लावूनही गळतो तो. निळा, मुठीला लुगड्याची पट्टी बांधलेला ताईबाईचा. ताईबाई शेजारची, मागच्या बाजूला चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसली होती. तिने मान डोलावली. माणसं कुठे गेली या आईच्या प्रश्नाचं उत्तर पितांबर ऐकत होता. त्याला ते आवडलं की नाही हे ठरवायला वेळ मिळाला नाही, कारण हात आला.

हाताने गाठ सोडली, पांढरा कॅन आणला, पुढे ठेवला, गाठ मारली.

"थांबवा," ताईबाई म्हणाली.

तिचं काय होतं ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. माघातल्या त्या दिवशी घासलेट तिच्या डब्याची पाळी आली तेव्हाच संपलं होतं. मोजून पाहिलं तर आपल्याला मिळायलाच हवं होतं, कोणीतरी दोरी सोडली, असं ती तेव्हापासून सांगत होती. दोरी सोडणारं कोणी बोदवडात नाही, असं सगळे तिला सांगत होते. अभिमनने तर पारावर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ताई, दोरी तुझ्या डोक्यातली सुटली." तेव्हापासून तिला दोरीवाली म्हणत. उन्हाळा येईपर्यंत तिने पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, स्वयंपाक केला, आणि दोरीवाली हे नाव पऱ्हाट्या संपल्यावरही राहिलं.

"जावईबापू, मागे घ्या," ती म्हणाली.

जावयाने टेप उलटी चालवली. हाताने पुढचा पांढरा कॅन उचलला, चौकटीबाहेर नेला, परत येऊन जुनी गाठ बांधली आणि निघून गेला. तेवढ्यापुरतं सगळं बरोबर झालं. मग जावयाने बटण सोडलं.

"मी म्हटलं होतं ना," ताईबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "पोलीस होता बघा. पण कॅन पोलिसाचा नाही. ते डाग कशाचे आहेत?"

"घासलेटचे असतील," अभिमन म्हणाला.

"घासलेट पिवळं नसतं. पाच बोटं आहेत. त्या दिवशी गावात हळद कोणाकडे होती?"

मंदाबाईने आपला उजवा हात पाहिला. त्यावर आता काही नव्हतं.

"ती बोटं माझी आहेत," ती म्हणाली. "यांनी कॅन मागितला, मी दिला. हळदीचे हात होते."

"बंद करा ते!" अभिमन म्हणाला.

जावयाने बंद केलं. घोंगड्या काढल्या नव्हत्या, म्हणून काही वेळ कोणाला कोणाचं तोंड दिसलं नाही.

"मला तर मिळालं होतं त्या दिवशी," उखर्डू नाना म्हणाले.

*

मागच्या अंगणात, गोठ्याजवळ. अभिमन आणि पितांबर.

"तेवढं काढून टाक."

"दाजी, ते काढलं तर काही उरत नाही."

"डबे उरतात ना! नानांचा बटाटा उरतो. लोक हसले, बस झालं. जावई बसला होता तिथे. उद्या नशिराबादला काय सांगेल तो?"

"पण तुम्ही पोलिसाला सांगितलं कशाला?"

अभिमनने त्याच्याकडे पाहिलं.

"जनरेटर कोणी मागितला? बॅटरीवर भरवसा नाही, लाइट गेली तर फेरे राहतील म्हणून कोण बोंबलत होता? घासलेटवर चालणारा आणा, म्हणाला तू. आणला. त्याच्या पोटात काय, पाणी घालू?"

पितांबर गोठ्याच्या खांबाला टेकला.

"तुझ्या लाइटसाठी केलं रे मी," अभिमन म्हणाला. "माझ्या चुलीसाठी असतं तर ताईच्या मागेही उभा राहिलो असतो."

तो गेल्यावर मंदाबाई आली. सासरी ती इकडचं बोले, भावाशी एकटी असली की माहेरचं.

"तू हाई काय करं रे भाऊ? तुले माझी बोटं वळखू उनी नहीत?"

नव्हती आली. तो नवरीचा मामा होता, स्वतःच्या अंगावर तीच हळद घेऊन परत येऊन त्याने कॅमेरा बंद केला होता. आणि बडोद्याला फोनवर सांगितलं होतं, पांढऱ्यावर पिवळे डाग आहेत.

"काढू का गं अक्का?" त्याने विचारलं.

"माले नको इचारू. ताईबाईले इचार."

ताईबाईला त्याने विचारलं नाही. तीच आली, कुडाजवळ उभी राहिली.

"ते पुसू नको," ती म्हणाली. "मला दुसरं काही नको."

*

जळगाव. झुलालचं दुकान. दोन टीव्ही, मिक्सर, भिंतीवर नवरा-नवरीचे फोटो ढगांमध्ये, चांदण्यांमध्ये, पेल्यामध्ये.

झुलालने चुकीबद्दल माफी मागितली आणि मग टेप पाहिली. त्याने ती याआधी पाहिली नव्हती, नुसती चालवली होती.

"सोपं आहे," तो म्हणाला. "इथे गुलाब टाकू. हात येण्याआधी उमलेल, गाठ बसली की मिटेल. गुलाबाखाली काय काय झाकलं आहे मी, तुला सांगतो! एका लग्नात सासऱ्याने जावयाला थोबाडीत दिली होती. आज कॅसेट पाहा. गुलाब."

"टाकून दाखव."

झुलालने टाकून दाखवला. गुलाब मोठा, तांबडा, कडा जरा फाटलेली. त्याच्या मागून खाकी बाहीचं एक टोक क्षणभर दिसलं आणि गेलं. गुलाब मिटला तेव्हा रांगेत एक डबा जास्त होता. ज्याला माहीत नाही त्याला कळलं नसतं. मंत्री बोलतच होते. सनई बसत होती. फिल्म पहिल्यापेक्षा सफाईदार दिसत होती, आणि हेच पितांबरला खटकलं. साठा पुरेसा आहे, हे वाक्यही असंच सफाईदार होतं.

"झकास ना?" झुलाल म्हणाला.

"काढ तो."

"काढू?"

"हात राहू दे. खाली अक्षरं टाक. लग्नाचीच, तीच वळणदार."

"काय टाकू?"

पितांबरने सांगितलं. झुलालने टाइप केलं, आणि पूर्ण झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं.

"स्वतःचं नाव? बाहेरच्यांना काय कळणार, कोण पितांबर? मंत्र्याचं टाक ना, मजा येईल."

"मंत्री बोलतो आहे की वर."

हात कॅन ठेवतो, दोरी ओवतो, तेवढा वेळ आता पडद्याच्या तळाशी, जिथे वधू-वरांची नावं येतात तिथे, महिरपीत अक्षरं होती:

"हा कॅन माझ्या शूटिंगच्या लाइटसाठी. – पितांबर, वधूचा मामा."

त्याने दोन प्रती काढायला सांगितल्या.

*

बडोद्याला हिलालला अक्षरं आवडली नाहीत. हात होता तोवर तो सगळ्या राज्यसत्तेचा होता, आता तो एका लग्नाचा झाला, असं तो फोनवर म्हणाला. फिल्म त्याने लावली, पण दाराजवळच्या टीव्हीवर. मोठ्या भिंतीवर दुसऱ्या कोणाची तरी लागली. पितांबर गेला होता. लोक थांबत, वाचत, पुढे जात. एका बाईने हिंदीत विचारलं, हे मामा तुम्हीच का? त्याने हो म्हटलं. तिने पडद्याऐवजी त्याच्या हातांकडे पाहिलं.

तो पोलीस त्याच वर्षी बदलून गेला. बदली नेहमीची होती.

अभिमन पुढच्या दिवाळीपर्यंत पितांबरशी बोलला नाही. अक्षरांत आपलं नाव नाही हे त्याला मंदाबाईने सांगितलं होतं, तरी नाही. दिवाळीत बोलला तो एवढंच, "बस वेळेवर मिळाली का?" पारावर त्याने ताईबाईबद्दल काही म्हटलं नाही. पण कोणी तिला दोरीवाली म्हटलं की तो उठून जाऊ लागला, आणि हळूहळू म्हणणारे कमी झाले.

मंदाबाईने एकदा पांढरा कॅन भरून ताईबाईच्या ओट्यावर ठेवला. डाग घासून काढलेले होते. ताईबाईने तो तसाच परत आणून दिला.

दुसरी प्रत ताईबाईकडे आहे, फडताळात, देवाच्या खालच्या खणात. तिच्याकडे टीव्ही नाही. कोणी आलं तर ती कॅसेट काढून दाखवते. पाहणारा ती हातात घेतो, उलटसुलट करतो आणि परत देतो.

लग्नाच्या दिवशी बोदवडला वीज दिवसभर होती. जनरेटर सुरू करावाच लागला नाही.